घटाच्या गोळ्या

आमच्या घरात देव फार आणि त्यांचं करायला बाई एकच. ती बाई मी. लग्न होऊन कळंब्याच्या या घरात आले, तेव्हा देव्हाऱ्यात चांदीचे टाक किती आहेत ते मी मोजायला लागले होते. आक्का म्हणाल्या, "मोजू नगंस. कुणाचं काय करायचं असतंय तेवढं पाठ कर." आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सगळी गल्ली त्यांना आक्काच म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणायला लागले.

तुम्ही म्हणाल, घरात सासू होती, मग बाई एकच कशी? तर माझे सासरे आकाराम माझ्या लग्नाआधीच गेले होते, आणि आमच्या घराची रीत अशी, की नवरात्रात घटाला पाणी घालायचं ते सवाष्णीनं. नवरा गेला त्या दिवसापासून आक्कांनी देवघराचा उंबरा ओलांडला नव्हता. त्या उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसायच्या आणि तिथून हुकूम सोडायच्या. वात मोठी झाली, फूल उलटं पडलं, पाणी सांडलं, सगळं त्यांना तिथून दिसायचं.

माझं माहेर वारणानगरचं. वडील साखर कारखान्यात होते, सभा-मोर्चांचा त्यांना भारी नाद, म्हणून पोरीचं नाव क्रांती. कॉलनीतल्या दोन खोल्यांत आम्ही सहा जण. तिथं आईनं महिन्याचे चार दिवस बाजूला बसायचं म्हटलं असतं, तर तिला कारखान्याच्या चिमणीवरच जाऊन बसावं लागलं असतं. त्यामुळे आमच्याकडे पाळी यायची आणि जायची, आईच्या भाकऱ्या काही थांबायच्या नाहीत. सासरी तसं नव्हतं. नाव क्रांती असलं म्हणून काय झालं, पहिल्या वर्षी मी मान खाली घालूनच वावरत होते.

त्र्याण्णव सालचं ते माझं पहिलं नवरात्र. घट बसायच्या आदल्या दिवशी आक्कांनी नवऱ्यादेखत विचारलं, "तुझी तारीख कवा?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सांगितलं, चौथ्या-पाचव्या माळेला. आक्का उठल्या, कोपऱ्यावरच्या ज्ञानूच्या मेडिकलमधून गोळ्यांचं पाकीट घेऊन आल्या आणि माझ्या हातावर ठेवलं.

"सकाळ-संध्याकाळ घे. घट उठला की बंद कर. मग येती आपली."

"यानं काही होत नाही ना?"

"काय हुतंय? गल्लीतल्या समद्या घेत्यात की."

आक्कांना नावं ठेवायला हे सांगत नाही. त्यांच्या सासूनं त्यांना चार-चार दिवस गोठ्यात बसवलं होतं, थंडीतसुद्धा, म्हशीच्या शेजारी. त्यांच्या लेखी ही गोळी म्हणजे सुधारणा होती. सून गोठ्यात बसत नाही, देवाचंही अडत नाही, आणखी काय पाहिजे? मलाही तेव्हा ते सोयीचंच वाटलं.

पण सोय एकदा लागली की तिची सवय होते. घटाला गोळी. गौरीला गोळी. जोतिबाच्या खेट्यांना गोळी, कारण माघातले रविवार चुकवायचे नाहीत. चैत्रात यात्रेला गोळी, नणंदेच्या लग्नाला गोळी, सत्यनारायणाला गोळी. मी पायरीवर दिसले की ज्ञानू पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळायला लागायचा आणि विचारायचा, "वयनी, गौरीच्या का खेट्याच्या?" औषधाचं खरं नाव काय, हे ना त्यानं कधी सांगितलं, ना आम्ही विचारलं. आमच्या गल्लीत त्या बारा महिने घटाच्याच गोळ्या होत्या.

मधे स्वरूपा झाली. ती दूध पिती होती तेवढ्यापुरत्या गोळ्या सुटल्या, आणि ती रांगायला लागली तशा परत सुरू झाल्या. मग हळूहळू माझं अंग बिघडायला लागलं. पाळी कधी दोन-दोन महिने यायची नाही आणि आली की जायचं नाव घ्यायची नाही. पंधरवडा उलटून जायचा तरी चालूच. केस गळायचे, चेहरा सुजायचा, भर उन्हाळ्यात मला थंडी वाजायची. अठ्ठ्याण्णवच्या आषाढात नळावर घागर उचलायला वाकले ती तिथंच आडवी झाले. शेजारच्या बसम्मानं मला उचलून कट्ट्यावर बसवलं, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि ओरडली, "अय्य शिवा! हिच्यात रगत कुठं हाय? नुसतं चुना लावल्यागत पांढरं!"

माझा नवरा सयाजी शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. माणूस वाईट नाही, पण जे बिघडलं ते काढून टाकायचं आणि मोकळं व्हायचं, हीच त्याची रीत. सायकलची चेन असो की दारातलं वाळकं झाड. तो मला शहरातल्या एका दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी वर वर तपासलं आणि माझ्याकडे न बघता सयाजीला विचारलं, "मूल झालंय ना? मग पिशवी काढून टाकू. कटकटच मिटेल."

सयाजी म्हणाला, "घट उठल्यावर करूया. घरात दुसरं कोण न्हाय घटाचं करायला."

डॉक्टरांनी मान डोलावली. तोपर्यंत रक्त आवरायला म्हणून गोळ्या लिहून दिल्या. त्या कुठल्या? त्याच! घटाच्या, हे मला पुढं कळलं. दोघा पुरुषांनी मिळून माझ्या पिशवीचा मुहूर्त काढला, तोही घटाच्या सोयीनं. मी सव्विशीची होते. मला आणखी एक मूल हवं होतं, पण ते राहू दे. मूल नको असतं तरी मला माझी पिशवी हवी होती. ती माझ्या अंगातली होती.

घरी आलो. दुपारी आक्का आणि मी सोप्यात जोंधळा निवडत बसलो होतो. सयाजी दारात बूट घालत म्हणाला, "एवढं तोंड पाडायला काय झालं? आक्काची न्हाय काढली? झालं काय तिला?"

आक्कांचा सुपातला हात थांबला.

"काय झालं ते तुला कुठं ठावं हाय?" त्या म्हणाल्या. सयाजी कामाला निघून गेला, पण आक्का बोलतच राहिल्या, सुपाकडे बघत. "बत्तीस वर्साची हुतो मी. नुसती पिशवी न्हाय काढली, डागदरनं आजूबाजूचं समदं साफ केलं. तवापासनं अंगात भट्टी पेटल्यागत हुतंय. रातचं उठून ओल्या फडक्यानं मान पुसत बसायचं. गुडघं गेलं, कंबार गेली, झोप गेली. लोकं म्हणायची, आक्काचा सोभाव लई गरम. आगं, सोभाव न्हवं, अंग गरम!"

मी इतकी वर्षं त्यांच्या तोंडाला भिऊन होते. तिच्या अंगात काय चाललंय, हे या बाईला आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

"मला कुणी इचारलं न्हाय," त्या म्हणाल्या. "तुलाबी कुणी इचारलं न्हाय. म्हणून मी इचारतो. तुला काढायची हाय?"

"नाही," मी म्हटलं. माझं नाव मला शोभलं ते त्या दिवशी.

"मग ऊठ. लुगडं बदलतो, जाऊया."

कुठं जायचं ते बसम्माला माहीत होतं. बसम्मा आमच्या भिंतीपलीकडची. लिंगायत, माहेर सीमेकडचं, घरात कानडी बोलायची आणि भिंतीवरून आमच्याशी मराठी. तिच्या लेकीला, रक्षिताला, पाळीत असह्य दुखायचं, तेव्हा राजारामपुरीतल्या डॉक्टर मगदूम बाईंचा तिला गुण आला होता. त्याच संध्याकाळी आक्का मला तिथं घेऊन गेल्या.

मगदूम बाई पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी माझ्याकडे बघून प्रश्न विचारले. कधीपासून, किती दिवस, किती जातं, थंडी वाजते का, केस गळतात का. मग विचारलं, "औषधं कुठली घेता?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

मी खोटं बोलत नव्हते हो. औषध म्हणजे आजारी पडल्यावर घ्यायचं ते. या गोळ्या कापूर, वाती, अबीर यांच्याबरोबर बाजारातून यायच्या. त्यांना औषध म्हणायचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मागून आक्का म्हणाल्या, "काय न्हाय काय म्हणतीस? घटाच्या गोळ्या घेतीस की."

"कसल्या गोळ्या?" डॉक्टर.

"घटाच्या. गौरीच्याबी. जोतिबाच्या खेट्याच्याबी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आक्कांनी कमरेची चंची सोडली, पान-सुपारीच्या खालून अर्धं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. डॉक्टर आधी हसल्या. मग त्यांनी पाकीट उलटं करून वाचलं आणि त्यांचं हसू गेलं. "वर्षातनं किती वेळा?" आक्का बोटांवर सण मोजायला लागल्या. दुसऱ्या हाताची बोटं सुरू झाली तशी डॉक्टरांनी त्यांना थांबवलं.

रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. चार-पाच दिवसांनी परत गेलो तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला दोघींना समोर बसवून सांगितलं. "गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉइड. तुमची मंदावलीय. तिच्यामुळं पाळी बिघडते, अंगावर जास्त जातं, थंडी वाजते, केस गळतात. हे कधीच लक्षात आलं असतं. पण तुम्ही दर सणाला पाळी पुढं ढकलताय, मग ती आपणहून बिघडली कधी, हे कळणार कसं? या गोळ्या म्हणजे विष नव्हे. गरज असेल त्या बाईला तपासून मीही देते. पण तिथी बघून घ्यायच्या या गोळ्या नाहीत. पिशवीला काहीही झालेलं नाही."

"मग काढायची न्हाय?" आक्कांनी विचारलं.

"नाही. थायरॉइडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, आणि रक्तवाढीची जेवणानंतर. बाकी सगळ्या बंद. पाळी आपली आपण येऊ दे आणि आपली आपण थांबू दे. थोडा वेळ द्या तिला."

आम्ही उठलो. आक्का मात्र दारात थांबल्या. "डागदरबाई, माझीबी काढायची गरज न्हवती काय हो?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "आता कसं सांगू, आक्का? पण तुम्ही बसा जरा." त्यांनी आक्कांचे गुडघे बघितले, झोपेचं विचारलं, अंगातल्या आगीचं विचारलं आणि त्यांच्या हाडांसाठी वेगळी चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी आक्कांनी घडी घालून चंचीत ठेवली. घरी येईपर्यंत त्यांचा हात चंचीवरच होता.

सयाजीला हे पटेना. "एक डॉक्टर म्हणतोय काढा, एक म्हणती नको. आमी कुणाचं ऐकायचं? रक्त तर जातंयच की." शेवटी तो म्हणाला, "घट उठंपर्यंत बघूया. तवर पाळी आपसूक थांबाय लागली तर ठीक. न्हाय थांबली, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखाना." तारीख त्यानं मोडली नाहीच. म्हणजे माझी परीक्षा नवरात्रात होती.

श्रावणातली पाळी बरेच दिवस चालली, पण आधीपेक्षा कमी. गौरीला नणंद माहेरी आली होती, तिनं सगळं निभावलं. घटाचं मात्र अवघड होतं. माझी तारीख बरोबर नवरात्रातच येत होती, आणि गोळी तर घ्यायची नव्हती. मग पाणी कोण घालणार?

आक्कांनी तोड काढून ठेवली होती. "बसम्माला सांगायचं."

"बसम्मा? आपल्या घटाला?"

"त्यांच्यात चार दिवस पाळत न्हाईत. गळ्यात लिंग असतंय. आन तसंबी तिचं वय झालंय आता. सवाशीण हाय, नेमाची हाय. देवीला चालंल."

आक्कांनी दोन्ही बाजूंनी कडेकोट बंदोबस्त केला होता. बसम्माला सांगितलं तर ती म्हणाली, "घालीन की. पाणीच घालायचं न्हवं?"

घट बसला. पहिल्या दोन माळांना मी पाणी घातलं. तिसऱ्या माळेला, सकाळीच, पाळी आली. मी देवघरातून बाहेर आले आणि आक्कांनी आपल्या पाटाशेजारी माझ्यासाठी दुसरा पाट टाकला. आता उंबऱ्याबाहेर आम्ही दोघी. एक नवरा नाही म्हणून, एक पाळी आली म्हणून. आत बसम्मा अंघोळ करून, कपाळाला भस्माचे पट्टे ओढून, तांब्या घेऊन वाकलेली. ती पाणी घालायची तेही मोकळ्या हातानं. मी इतकी वर्षं भीत भीत, पळीभर घालायची. काही चुकलं तर देवीचा कोप नको म्हणून.

"हळू घाल, हळू," आक्का बाहेरून म्हणायच्या.

"पिणाऱ्याला ठावं असतंय किती प्यायचं," बसम्मा आतून म्हणायची.

माझं लक्ष घटाकडे नव्हतं. चौथी माळ गेली, पाचवी गेली. मी दर वेळी न्हाणीघरात जाताना देवीला नाही, माझ्या अंगालाच हात जोडायची. थांब बाई, आता थांब. आक्का रोज सकाळी विचारायच्या, "किती हाय?" आणि जेवलीस का विचारावं तितक्या मोठ्यानं विचारायच्या. पाचव्या माळेला मी म्हटलं, कमी आहे. सहाव्या माळेला अगदीच थोडं होतं. सातव्या माळेला सकाळी काही नव्हतं, दुपारी नव्हतं, संध्याकाळीही नव्हतं. किती वर्षांनी माझी पाळी आपणहून आली होती आणि आपणहून थांबली होती.

मी आक्कांना सांगितलं. सयाजी रात्रपाळीला निघाला होता, लुना गल्लीच्या टोकाला पोहोचली होती. आक्का दारात उभ्या राहून ओरडल्या, "सया, थांबली रं!" सगळी गल्ली बाहेर आली, काय थांबलं म्हणून. सयाजी लाजेनं अर्धा झाला आणि लुना दामटत निघून गेला. पण सकाळी येताना त्यानं पिशवी भरून डाळिंबं आणली आणि माझ्यापुढं ठेवली. आमच्याकडे बोलणं जमलं नाही की फळं आणतात.

इथवर सगळं गोड झालं असतं, पण आठवी माळ अजून व्हायची होती. माझं न्हाणं नवव्या माळेला, म्हणून आठव्या माळेलाही बसम्माच आली. तिनं पाणी घातलं, माळ बांधली, तांब्या खाली ठेवला आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली. "कंबार लई धरलीया, आक्का. परवापासनं चालू हाय माझं."

"काय चालू हाय?" आक्का म्हणाल्या.

"काय म्हणजे? पाळी."

आक्का पाटावरून अर्धवट उठल्या. "तुझी अजून येती?"

"येती की. थांबंल आपली सवडीनं. मला कुठं घाई हाय?"

"आन त्याच हातानं तू पाणी घातलंस? परवापासनं?"

"मग कुठल्या हातानं घालू? दोनच हाईत." बसम्मानं गळ्यातली चांदीची डबी पदराबाहेर ओढून दाखवली. "हे मी मरंपर्यंत काढायचं न्हाय, रोज हातावर घिऊन पुजायचं. पाळी आली म्हणून चार दिवस ह्याला काय खुंटीला अडकवू? तूच तर म्हणलीस, तुमच्यात पाळत न्हाईत म्हणून."

म्हणजे आक्कांचा बंदोबस्त इतका कडेकोट, की बसम्माला एकदा विचारावं, हेच त्या विसरल्या होत्या.

झालं, म्हटलं. आता देवीचा कोप निघणार. आता जे काही वाईट होईल, स्वरूपाला ताप येवो की म्हैस आटो, ते या घटावर जाणार. परत गोळ्या येणार, परत रक्त, आणि सयाजीची तारीख तर मोडलेली नव्हतीच. मी आक्कांच्या तोंडाकडे बघत राहिले.

आक्का उंबऱ्यातून वाकून आत बघत होत्या. "कसं आलंय गं धान?"

"ये की आत. बघ डोळ्यांनं."

"मी कशी येऊ? मी…"

"का?" बसम्मा म्हणाली. "माझी पाळी चालली, हिची न्हाय चालली. तुला तर ना पाळी ना पिशवी. तू कशापायी बाहीर बसतीस, आक्का? मला तर तुमचं काय कळतच न्हाय."

बसम्मा टोचून बोलत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. आक्कांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग चौकटीला धरून गुडघे सरळ केले आणि उंबरा ओलांडला.

घट दाट आला होता. दर वर्षी आमचं धान विरळ, पिवळट यायचं, आणि आक्का म्हणायच्या की माती चांगली नाही. या वर्षी वीतभर उंच कोंब मडक्याला झाकून बाहेर आले होते. पाणी भरपूर मिळालं, म्हणून आले असणार. पण ते आक्कांना मी कशाला सांगू? आक्कांनी कोंबांवरून तळहात फिरवला. सासरे गेल्यानंतर पहिल्यांदाच.

मला वाटलं, आता त्या रडणार. त्या रडल्या नाहीत, भांडल्या. थेट देवीशी.

"एवढी वर्सं मला भाईर बसवलंस? आन तुला काय फरकच पडत न्हवता तर सांगायचं न्हाय व्हय? माझी सून मरायला टेकली हुती तुझ्यापायी! गोळ्या खाऊन खाऊन!" त्यांचा आवाज फाटला. "क्रांती, आत ये."

"आक्का, माझं न्हाणं अजून…"

"ये म्हणलं न्हवं."

मी आत गेले. आक्कांनी तांब्या उचलला, माझ्या हातात दिला आणि वरून आपला हात धरला. बसम्मानं नुकतंच पाणी घातलं होतं, धानाला आणखी पाणी नकोच होतं. तरी आम्ही घातलं. मातीतून पाणी वाहून पाटावर आलं, आणि ते पुसायचं कुणाला सुचलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो नाही. सयाजीनं विषयच काढला नाही. आक्का मात्र ज्ञानूच्या दुकानात गेल्या आणि चंचीतलं अर्धं पाकीट काउंटरवर आपटलं. "आमच्या घराला हे आता लागायचं न्हाय. आन दुसऱ्या कुठल्या पोरीनं मागितलं तर आधी मगदूम बाईकडं धाड." ज्ञानूनं किती जणींना धाडलं देव जाणे. पण निदान आमच्या गल्लीतल्या चार सुना आक्कांनी स्वतः रिक्षात घालून राजारामपुरीला नेल्या.

दोन हजार एक साली मला मुलगा झाला, सम्राट. ज्या पिशवीचा मुहूर्त निघाला होता, त्याच पिशवीतून. मी थायरॉइडची गोळी अजून घेते, आणि सकाळी उपाशीपोटी पाण्याचा घोट घेताना मला रोज आक्कांची आठवण होते. त्या शेजारच्या खोलीतच घोरत असतात, तरी होते. आईनं मला जन्म दिला हे खरं, पण मला माझ्या अंगात राहू दिलं ते या तापट बाईनं. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "बरं, बरं. भाकरी करपतीया."

शेवटचं सांगते आणि थांबते. दोन हजार सातच्या नवरात्रात, दुसऱ्या माळेला, स्वरूपा शाळेतून पोट धरून आली. तिनं आधी मला नाही, आज्जीला सांगितलं. आक्कांनी नेहमीप्रमाणे गल्ली उठवली. बसम्मा भिंतीवरून गूळ-खोबरं घेऊन आली. पोरीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मग आक्का तिला हात धरून देवघरात घेऊन गेल्या. आता त्यांचा पाट आत, घटाशेजारीच असतो. त्यांनी तांब्या भरला आणि तिच्या हातात दिला.

"घाल."

"आत्ता? किती घालू, आज्जी?"

"घाल मोकळ्या हातानं."

मी दारात उभी होते. स्वरूपानं मागं वळून बघितलं आणि घाबरून विचारलं, "आई का रडतीय? माझं काय चुकलं?"

"रडू दे तिला," आक्का म्हणाल्या. "तिच्या पहिल्या घटाला मी तिला गोळी दिलती. तू पाणी घाल."

स्वरूपानं तांब्या कलता केला.